जुळारीमामांची सहा दिवसांची जाहिरात

जुळारीमामांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात एक गुळगुळीत खोबण होती. एकेचाळीस वर्षं तिथून शिशाची अक्षरं गेली होती. ओढ्याच्या पाण्याने दगड घासून घासून गोल व्हावा तशी ती जागा झाली होती. कुणी विचारलं की मामा बोटं उजेडात धरून दाखवायचे आणि म्हणायचे, "ही माझी शाळा, ही माझी कमाई."

जुन्या छापखान्यात एकेका अक्षराचा एकेक बारका शिशाचा तुकडा असे. त्याला खिळा म्हणत, आणि ते खिळे एकाशेजारी एक लावून ओळ उभी करणारा तो जुळारी. मामांचं पाळण्यातलं नाव आता गावात कुणालाच आठवत नव्हतं. बायको त्यांना "अहो" म्हणायची आणि बाकी सगळं गाव जुळारी. भाचेकंपनी मोठी म्हणून पुढे मामा चिकटला, तो लहानथोर सगळ्यांच्याच तोंडी बसला.

खिळे ठेवायला उथळ लाकडी ट्रे असतात, त्यांना केस म्हणतात. एका केसमध्ये शंभराच्या वर खण. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताजवळ, जे क्वचित लागतं त्याचा बारका, कोपऱ्यात. मामांना केसकडे बघावं लागत नसे. डोळे कागदावर, हात केसवर, आणि ओळ आपली वाढत चाललेली.

पण मामांचा खरा अभिमान जुळवण्यात नव्हता, सोडण्यात होता. एक काम छापून झालं की त्या ओळी मोडायच्या आणि एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचं, याला मजकूर सोडणं म्हणतात. हे काम कुणालाच आवडत नाही. छापलेला कागद दुकानात जातो, लोक वाचतात, शाबासकी देतात, सोडणाऱ्याला कोण विचारतो? पण अक्षरं मोजकी असतात. आजची सोडली नाहीत तर उद्या येणाऱ्याला ओळ पुरी करता येणार नाही. मामांनी एकेचाळीस वर्षांत एकदाही मजकूर तसाच टाकून घर गाठलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा पत्रिका छापल्या, मजकूर सोडला, मग हात धुतले.

तर असा हा छापखाना शेवटी बंद पडला. मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. यंत्र गेल्या साली कुणीतरी नेलं. आता मालकीणबाई लेकीकडे राहायला निघाल्या आणि खोली चष्म्याच्या दुकानाला दिली गेली. उरल्या होत्या बावीस केसेस, भिंतीला लावलेल्या लाकडी घोड्यांवर, धुळीचं पांघरूण घेऊन.

"अहो जुळारी," मालकीणबाई म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी भंगारवाला येतोय. तोपर्यंत कुणी छापायला नेत असेल तर खुशाल नेऊ द्या. मला त्यातून काही नको, खोली रिकामी हवी."

भंगारवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. त्याने एक अक्षर उचललं, तळहातावर दोनदा उडवलं आणि म्हणाला, "शिसं चांगलं आहे." बस्स, एवढंच. मामा त्या रात्री जेवताना दोनदा म्हणाले, "शिसं चांगलं आहे म्हणे. माणसाला बघून हाडं चांगली आहेत म्हणण्यासारखं झालं."

"मग काय घरी आणताय का?" मामी म्हणाल्या. "दोन खोल्या, त्यात तुम्ही, मी आणि शिवणयंत्र. बावीस ट्रे आणलेत तर मला यंत्रावर झोपावं लागेल."

"कुणीतरी छापणारा असेलच की."

"आहे कुठे? तुम्ही चार गावं पालथी घातलीत."

ते खरं होतं. बस जिथपर्यंत जाते तिथपर्यंतचे सगळे छापखाने मामांनी पायाखाली घातले होते. सगळीकडे आता संगणक, चकचकीत कागद, आणि खिळ्यांचं नाव काढलं की हसू.

मामांची भाची गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. चाळिशीला टेकलेली, तोंडाने फटकळ, मनाने मऊ. तिने ही कथा ऐकली आणि म्हणाली, "मामा, जग बसच्या शेवटच्या थांब्यावर संपत नाही. सोमवारी वाचनालयात या. दोन संगणक आहेत, त्यातला खिडकीजवळचा तुमचा."

"मला ते जमायचं नाही."

"शिशाची उलटी अक्षरं वाचणाऱ्या माणसाला सुलटी वाचायला काय धाड भरली आहे?"

सोमवारी दहा वाजता मामा इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. वाचनालय म्हणजे एक लांबट खोली, मधोमध मोठं टेबल, वर्तमानपत्रं वाचणारे तिघे पेन्शनर, आणि खिडकीजवळ दोन संगणक, त्यांच्यावर हिरवं कापड. भाचीने कापड काढलं. मामांनी कळफलकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"कुणी केस उपडी केली ही?"

"उपडी नाही मामा, तशीच असते."

"रोज शंभरदा लागणारं अक्षर आणि महिन्यातून एकदा लागणारं अक्षर, दोघांचा खण सारखाच? ज्याने हे बनवलं त्याने जन्मात एक ओळ जुळवलेली नाही, लिहून घे."

भाचीने ते लिहून घेतलं नाही. तिने मामांचा हात माऊसवर ठेवला. मामांनी तो मुठीत धरला, घट्ट, जणू सोडला तर पळेल. पडद्यावर बाण थरथरत कोपऱ्यात गेला आणि तिथेच दडून बसला.

"हळू, मामा. टेबलावर नुसता हात टेकवायचा. हं. आता हे बघा, याला ब्राउझर म्हणतात. याच्यातून बाहेरचं सगळं बघायचं. वर ही लांब पट्टी आहे ना, तिथे पत्ता लिहायचा. पत्ता ठाऊक असेल तर पत्ता, नसेल तर जे हवं ते लिहायचं, मग हाच शोधून देतो."

"कोण शोधून देतो?"

"यंत्र."

"त्याला कसं कळतं कुठे काय आहे?"

"त्याने आधीच सगळीकडे फिरून यादी करून ठेवलेली असते. मी नाही का, पुस्तकांची ठेवते?"

हे मामांना पटलं. यादी करणाऱ्याबद्दल त्यांना आदर होता. त्यांनी एका बोटाने, प्रत्येक कळ नीट बघून, एकच शब्द उमटवला: छपाई. पडद्यावर कपांवरची छपाई आली, सदऱ्यांवरची आली, मोठमोठ्या फलकांवरची आली. खाली आकडा होता, लाखांत.

"एवढे लोक छापतात आणि मला चार गावांत एक सापडला नाही?"

"ओळ सैल आहे तुमची," भाची म्हणाली. "अजून शब्द घाला. जितके नेमके घालाल तितकं नेमकं येईल. पण वाक्य नको हं, लग्नपत्रिकेसारखं. नुसते कामाचे शब्द."

ओळ सैल आहे म्हटल्यावर मामा जागेवर सरळ बसले. सैल ओळीचा त्यांना जन्माचा राग. त्यांनी शब्द घातला, पाहिलं, अजून एक घातला, एक काढला. शिशाची अक्षरं हातछपाई. पडद्यावरची गर्दी पांगली, बाजार उठल्यावर चौक मोकळा व्हावा तशी, आणि मधे चारदोन माणसं उभी दिसावीत तशा दहापंधरा ओळी उरल्या.

"सगळ्यात वरची दाबू?"

"थांबा. तिच्या कडेला काय लिहिलंय?"

मामांनी चष्मा कपाळावर ढकलला. तीळभर आकाराचं अक्षर वाचायला त्यांना चष्मा लागत नसे, उलट अडचण होई. "जाहिरात," ते म्हणाले. "आणि एवढ्या बारीक टाइपात? लाज वाटते वाटतं सांगायला."

"वाटतेच. म्हणून त्या सोडून खालच्या बघायच्या."

त्या आठवड्यात मामा रोज आले. बाणाचा पंजा झाला की त्या शब्दामागे दार आहे, हे त्यांना कळलं. दारातून आत गेलं आणि नको तिथे पोचलं, तर डाव्या कोपऱ्यातला उलटा बाण आपल्याला आल्या वाटेने परत आणतो, हेही कळलं. एक पान तसंच ठेवून शेजारी दुसरं उघडता येतं, हे त्यांना सगळ्यात आवडलं. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत पटली नाही, ती म्हणजे पान खाली सरकवत राहावं आणि ते संपूच नये.

"याला तळ नाही?"

"काहींना नसतो."

"कागद मोजून न देणारा मालक दिवाळखोरीत जातो," मामा म्हणाले आणि ते पान त्यांनी बंद केलं.

बुधवारी अचानक पडद्यावर झगमगत एक चौकोन आला: तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात, महागडा फोन जिंकलात, इथे दाबा. पेन्शनरांतला एक मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दाबा दाबा, नशीब उघडलं तुमचं." मामांनी चौकोन वरपासून खालपर्यंत वाचला.

"चार ओळींत तीन चुका. ज्याला अभिनंदन नीट लिहिता येत नाही तो मला फोन देणार? आधी शाळेत जा म्हणावं."

"आणि तुम्हीही," भाची त्या पेन्शनरांना म्हणाली, "कुणाला काही दाबायला सांगण्याआधी वाचत जा." तिने तो चौकोन बंद करून दाखवला.

शुक्रवारी मामांना ते पान सापडलं. हाताने छापणाऱ्या, नाहीतर छापू पाहणाऱ्या लोकांचा एक फलक होता. कुणी शाईबद्दल विचारत होतं, कुणी मोडलेल्या यंत्राचा फोटो टाकला होता, कुणी नुसतंच आपलं कालचं काम दाखवत होतं. मामांनी पहिला फोटो बघितला आणि पुढची दहा मिनिटं एकामागून एक फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, आहेत की गं. जिवंत आहेत सगळे."

फलकावर लिहायचं तर नाव नोंदवायला हवं होतं, ईमेलचा पत्ता आणि पासवर्ड हवा होता. ईमेल भाचीने उघडून दिला. पासवर्ड मामांनी आपला आपण ठरवला आणि टाइप करता करता अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल असा मोठ्याने म्हटला. जुळवताना मोठ्याने वाचायची सवय.

"मामा!" भाची कपाळावर हात मारत म्हणाली. "आता दुसरा ठरवा. आणि तो मनात ठेवा. मलासुद्धा सांगायचा नाही."

"तुलासुद्धा?"

"मामीलासुद्धा."

"तिच्यापासून लपवायला आधी काहीतरी असायला हवं होतं," मामा म्हणाले. पण दुसरा पासवर्ड त्यांनी ओठ घट्ट मिटून टाइप केला.

सोमवारी मामांनी जाहिरात जुळवली. हो, जुळवली हाच शब्द बरोबर. आधी कागदावर लिहिली, शब्द छाटले, मग एकेक कळ दाबून पडद्यावर आणली: शिशाची अक्षरं. बावीस केसेस. पाच मापं. झीज थोडी, निगा चांगली. विकायची नाहीत, वितळवू द्यायची नाहीत. पुढच्या आठवड्यातल्या शनिवारच्या आत नेणारा छापणारा हवा. खाली गाव आणि वाचनालयाचा फोन.

भाची पाठीमागून वाचून म्हणाली, "झकास. आता पाठवा दाबा." मामांनी पाठवा दाबलं. पुस्तकं मागायला कुणीतरी आलं म्हणून भाची उठून गेली.

मंगळवारी मामा आले. उत्तर नव्हतं. बुधवारी नव्हतं, गुरुवारीही नव्हतं. मामा रोज अकराला यायचे, तीच जाहिरात पुन्हा पहिल्यापासून जुळवायचे, पाठवायचे, आणि बाराला उठायचे. भाची नवीन पुस्तकांच्या नोंदीत बुडालेली होती. मामांना कळफलक जमला यातच तिला आनंद होता. ती लांबून विचारायची, "टाकली का?" आणि मामा म्हणायचे, "टाकली, आणि सगळं आवरलंही."

घरी मामी रोज दारातच विचारायच्या, "आलं का कुणाचं?" आणि मामांचा चेहरा बघून उत्तर न घेताच पाणी आणायच्या. शनिवारपर्यंत मामांचं जेवण अर्ध्यावर आलं. रविवारी वाचनालय बंद होतं, तेव्हा मामा छापखान्यात जाऊन बसले आणि बावीसही केसेसची धूळ मऊ ब्रशने झाडून आले. जाणाऱ्या माणसाचे कपडे घडी करावेत, तसं.

सोमवार मालकीणबाईंचं सामान बांधून देण्यात गेला. मंगळवारी भाचीच्या नोंदी संपल्या. ती सहज मामांच्या मागे येऊन उभी राहिली. मामांनी जाहिरात नुकतीच पाठवली होती. पाठवलेली जाहिरात त्यांनी वाचून तपासली, समाधानाने मान हलवली, मग तिच्याखालचं बदला नावाचं बटण दाबलं आणि शेवटच्या अक्षरापासून एकेक अक्षर खोडायला सुरुवात केली. सावकाश, मन लावून, ओठ हलवत.

"मामा," भाची हळूच म्हणाली, "हे काय करताय?"

"मजकूर सोडतोय."

"म्हणजे?"

"छापून झालं ना. अक्षरं परत ठेवतोय. माझ्यानंतर त्या शाळेच्या बाई बसतात इथे, त्यांना नकोत का?"

भाचीने माऊस आपल्या हातात घेतला आणि फलक वर सरकवला. तिथे मामांच्या नावाखाली आठवडाभराच्या ओळी होत्या, एकाखाली एक, सगळ्या सारख्या: हा मजकूर लिहिणाऱ्याने काढून टाकला आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याने काढून टाकला आहे. सहा वेळा.

"हे रोज दिसत होतं तुम्हाला?"

"दिसत होतं की. म्हटलं, यंत्रालाही कळतं, काम चोख झालंय म्हणून."

भाचीला आधी हसू आलं, इतकं की तिने तोंडात पदर कोंबला. मग तिने कॅलेंडर पाहिलं आणि हसू तिथेच विरलं. आज मंगळवार. भंगारवाला शनिवारी. तिने मामांना समजावलं की इथे पाठवा दाबल्यावर कागद छापून कुठे जात नाही. लोक येतात आणि इथलाच मजकूर वाचतात. तो काढला की वाचायला काही उरत नाही. अक्षरं इथे कधी कमी पडत नाहीत. कितीही वापरा, पुढच्याला तितकीच शिल्लक.

मामांनी ते ऐकलं, चष्मा घडी करून खिशात ठेवला आणि उठले. "सहा दिवस," एवढंच म्हणाले. दाराशी चप्पल घालताना डाव्या पायात उजवी गेली, ती त्यांनी तिघा पेन्शनरांदेखत बदलली आणि गेले.

भाची दुपारी कुलूप लावून थेट मामांच्या घरी गेली. मामा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मामी यंत्रावर काहीतरी शिवत होत्या, पण यंत्राचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

"मला आधी सांगायला काय झालं होतं तुला?" मामा भिंतीला म्हणाले.

"मला काय स्वप्न पडलं होतं का, तुम्ही पुसत बसाल म्हणून? जगात कुणी पुसत नाही!"

"मी पुसलं नाही. मी सोडलं."

"बरं, सोडलं. पण मला एक सांगा, छापखान्यात असा एकही मजकूर नसायचा का, जो सोडत नाहीत? सगळं म्हणजे सगळं मोडायचं?"

मामा सावकाश वळले. "असायचा," ते म्हणाले. "पावत्यांचा, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावपत्त्याचा. पुन्हापुन्हा लागणारा. तो दोऱ्याने बांधून फळीवर ठेवायचा. उभा मजकूर म्हणतात त्याला. त्याला कुणी हात लावायचा नाही." बोलता बोलता त्यांचा आवाज बदलला. "म्हणजे तिथे सगळाच उभा मजकूर असतो?"

"सगळाच."

"जगातला सगळा मजकूर बांधून फळीवर ठेवलेला?"

"हो मामा. सगळ्या जगाचा."

"अरे बापरे," मामा म्हणाले. "फळी केवढी लागली असेल!" आणि ते चप्पल शोधायला लागले.

"आता कुठे? वाचनालय बंद आहे," मामी म्हणाल्या.

"किल्ली हिच्याच पदराला आहे ना? मग उघडं आहे."

त्या संध्याकाळी सकाळची अर्धवट खोडलेली सातवी जाहिरात पुन्हा पुरी झाली आणि जागेवर राहिली. भाचीने छापखान्यात जाऊन केसेसचे फोटो काढले, तेही मामांनी जोडले. उठताना त्यांचा हात एकदा बदला या बटणाकडे गेला. मामींनी, ज्या पहिल्यांदाच वाचनालयात आल्या होत्या, त्यांचं मनगट धरून बाजूला केलं. "बांधून ठेवलंय ना? मग ठेवा."

बुधवारी दुपारी पहिलं उत्तर आलं. एका दुकानदाराला भिंत सजवायला पन्नास सुंदर अक्षरं हवी होती, मोठ्या मापाची. बाकीची नकोत.

"काय म्हणता?" भाचीने विचारलं. "पन्नास तर पन्नास."

"उरलेल्यांनी काय करायचं? पन्नास अक्षरं काढली की ती केस मुकी झाली. नको म्हणून लिही. नाही, थांब, मीच लिहितो." आणि मामांनी लिहिलं, नम्रपणे, एकही चूक न करता: घर मोडून कोणी फक्त दारं नेत नाही, क्षमस्व.

मामींनी त्या रात्री ऐकवलं, "भंगारापेक्षा भिंत काय वाईट होती?" दोन दिवस उरले होते आणि त्यांनी आलेलं एकुलतं गिऱ्हाईक परत पाठवलं होतं. ते कूस बदलत राहिले.

गुरुवारी सकाळी मामा पोचले तेव्हा भाची दारातच उभी होती. "या लवकर. पत्र आलंय."

फलकावरच्याच एका बाईंचं होतं. लांबच्या शहरात त्या मुलांना हाताने पुस्तक करायला शिकवत. त्यांच्या शाळेला कुणीतरी जुनं छपाईचं यंत्र भेट दिलं होतं, पण अक्षरांशिवाय, म्हणून ते वर्षभर कपड्याखाली उभं होतं. मामा पत्र मोठ्याने वाचू लागले आणि पेन्शनरांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली.

"आठवडाभर तुमचं नाव रोज दिसायचं आणि खाली मजकूर नाही," बाईंनी लिहिलं होतं. "इथल्या लोकांनी थट्टा केली. मी मात्र रोज अकरा ते बारा बघायला लागले, की हे काय लिहून काढतात. इथे बदल होता होताच सगळ्यांना दिसतात, म्हणून एकदा अर्धी ओळ हाती लागली, शिशाची अक्षरं एवढीच, आणि तीसुद्धा माझ्यासमोर एकेक अक्षराने कमी होत गेली. माझे वडील जुळारी होते. एक विचारू का? तुम्ही मजकूर सोडत होता ना?"

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. पुढचं भाचीने वाचलं. सगळ्या बावीस केसेस हव्या होत्या, एकही अक्षर न वगळता. टेंपो शनिवारी पहाटे निघेल, उशीर झाला तर भंगारवाल्याला थोपवून धरा.

"एकेचाळीस वर्षांत," मामा शेवटी म्हणाले, "सोडण्याचं काम कुणी बघितलं म्हणून मला कळवलेलं हे पहिलं पत्र."

मग त्यांनी उत्तर लिहायला घेतलं आणि दोन तास लिहीत राहिले. पाच मापांचा हिशेब, कोणत्या केसमध्ये कुठली अक्षरं कमी, कुठली झिजलेली, यंत्राला तेल कुठे घालायचं. मामांनंतर तिथे बसणाऱ्या गावच्या शाळेच्या बाई दोनदा येऊन बघून गेल्या. भाचीने त्यांना दुसऱ्या संगणकावर बसवलं.

शनिवारी सकाळी भंगारवाला नऊलाच आला, तराजू घेऊन. टेंपोचा पत्ता नव्हता. मालकीणबाईंनी चहा केला. भंगारवाल्याने चहा घेतला, मग दुसरा घेतला. मामा त्याला खिळ्यांबद्दल सांगत राहिले, इतकं सांगितलं की शेवटी तो म्हणाला, "काका, मी थांबतो, पण तुम्हीही जरा थांबा." साडेदहाला कोपऱ्यावर टेंपो वळला. ठेंगण्या, गोल चष्म्याच्या बाई पुढून उतरल्या, थेट आत गेल्या, आणि पहिल्याच केसमधून न बघता एक अक्षर उचलून त्यांनी ते बोटाने चाचपलं.

"र," त्या म्हणाल्या.

"र," मामा म्हणाले, आणि ओळख झाली.

केसेस उचलायला भंगारवालाच सगळ्यात उपयोगी पडला. त्याचे हात तसे होते. रिकामे लाकडी घोडे त्याला मिळाले आणि तोही खूश झाला. मामा मात्र प्रत्येक केसमागे धावत होते. "आडवी! आडवी धर! तिरकी झाली की शंभर खणांची एक खिचडी होईल, निवडायला सात जन्म लागतील!" बाविसावी केस चढली तेव्हा त्यांनी टेंपोत डोकावलं, दोऱ्या ओढून बघितल्या, मग चालकाकडे वळून बघितलं. चालक तरुण होता आणि घाईत दिसत होता. मामांचा चेहरा गंभीर झाला.

"या रस्त्याला खड्डे किती आहेत?"

"आहेत की, काका. रस्ता म्हटला की खड्डे आलेच."

मामा पुढचं दार उघडून बाईंच्या शेजारी जाऊन बसले.

"अहो!" मामी धावत आल्या. "हे काय? कुठे निघालात?"

"केसेस सरळ जातात का बघायला. आणि त्यांच्याकडे सोडायला कुणाला येतं का, तेही बघतो. चार दिवसांत येतो."

"चार दिवस? अंगावरच्या सदऱ्यावर?"

"तिथे यंत्र वर्षभर कपड्याखाली उभं आहे, अगं!"

मामींनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मीच विचारणार होते, पण कसं विचारू कळेना. आमच्याकडे राहायची सोय आहे." मामींनी कपाळावर हात मारला आणि घराकडे वळल्या. पाच मिनिटांत त्या डबा, स्वेटर आणि औषधांची पिशवी घेऊन आल्या, तोवर टेंपो जागचा हलला नाही, कारण मामांनी चालकाला तो हलवू दिला नाही. मामींनी पिशवी खिडकीतून आत ढकलली.

"पोचलात की वाचनालयात कळवा. लिहून. आणि लिहिलेलं तिथेच राहू द्या, मी वाचायला जाणार आहे."

टेंपो निघाला. चौकापर्यंत जायला त्याला इतका वेळ लागला की भाची, मामी, मालकीणबाई आणि भंगारवाला बरोबरीने चालत गेले. वळणावर चालकाने खिडकीबाहेर डोकं काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काकांना कुणीतरी सांगा हो, याहून हळू गेलो तर गाडी मागे जाईल!"

आतून मामांचा आवाज आला, "खड्डा! पुढे खड्डा आहे!"